शेतमजुरीचं किमान वेतन वाढवावं, ठेवावं की काढून टाकावं? विदर्भातल्या मजूर-शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किमान वेतनाचा कायदा शेतीला लागू आहे का? की तो फक्त कारखान्यांसाठी आहे?

शेतीला लागू आहे, आणि पहिल्यापासून आहे. 1948 च्या किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीचा दुसरा भाग शेतीसाठीच होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा वेतन संहिता, 2019 ने घेतली. जुन्या कायद्याखाली निघालेले दर मात्र नवे निघेपर्यंत चालू राहतात. त्यामुळे "जुना कायदा गेला, आता दरच उरला नाही" असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

मजुराने कमी पैशात काम करायला स्वतःहून होकार दिला, तरी तो करार कायद्यापुढे टिकत नाही. किमान दरापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही घटनेच्या कलम 23 मधली वेठबिगारीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलं आहे.

आमच्या गावात हा सरकारी दर कोणी विचारतच नाही. मग वाद तरी कशाचा?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खरंच कोणी विचारत नाही. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकदम अंगावर येते. शेतकरी दुसऱ्या गावातून ऑटो भरून बाया आणतो आणि ऑटोचं भाडंही तोच देतो. त्या दिवसांत बाजाराचा दर कायद्याच्या दराला मागे टाकू शकतो.

फेब्रुवारी ते मे हे दिवस वेगळे. कोरडवाहू वावरात काम नसतं, हात रिकामे असतात आणि मिळेल त्या रोजीला माणूस जातो. किमान वेतनाचा खरा उपयोग याच चार महिन्यांत आहे. "मजूर सोन्याच्या भावाने मिळतात, कायदा कशाला पाहिजे" असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिवाळीच्या आसपासचे दिवस असतात.

आज लागू असलेला दर कुठे पाहायचा?

राज्याच्या कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर, नाहीतर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्या कार्यालयात. उद्योगनिहाय तक्त्यात 'शेती' शोधा. दराचे दोन तुकडे असतात: मूळ दर आणि महागाईनुसार बदलणारा विशेष भत्ता. हा भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून, नव्याने जाहीर होतो.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मूळ दर वर्षानुवर्षं तसाच असतो. फक्त तोच वाचला की "सरकारचा दर तर आमच्यापेक्षा कमी आहे" असं वाटतं. दोन्ही आकड्यांची बेरीज करा आणि तक्ता कोणत्या सहामाहीचा आहे ते पाहून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता बहुतेक वेळा जुना असतो.

176, 375, 312 असे वेगवेगळे आकडे ऐकू येतात. खरा कोणता?

तिन्ही खरे, पण तीन वेगळ्या गोष्टींचे. 176 रुपये ही केंद्राने 1 जून 2017 पासून ठेवलेली राष्ट्रीय तळरेषा. ती राज्यांवर बंधनकारक नव्हती. 375 ही केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीची 2019 सालची शिफारस, जुलै 2018 च्या किमतींवर काढलेली. 312 हा रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर. या तिघांपैकी एकही तुमच्या वावरातल्या मजुरीचा कायदेशीर दर नाही.

वेतन संहितेने बदल केला तो असा: केंद्राने कलम 9 खाली तळदर जाहीर केला की कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही, आणि ज्या राज्याचा दर आधीच जास्त आहे त्याला तो कमी करता येणार नाही. म्हणून वाढवण्याच्या वादातला मोठा डाव सध्या हा तळदर किती ठरतो यावर आहे.

हा दर काढतात तरी कसा? मंत्रालयात बसून अंदाजाने?

पाया 1957 च्या भारतीय श्रम परिषदेचा आहे. कमावणाऱ्या एका माणसामागे तीन 'खाणारे' धरायचे (पुरुष 1, बाई 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6), दर खाणाऱ्यामागे रोज 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 यार्ड कापड, वर घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी 20 टक्के. रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितलं. सत्पथी समितीने खाणारे 3.6 केले आणि कॅलरी 2400 वर आणून 50 ग्रॅम प्रथिनं व 30 ग्रॅम स्निग्ध पदार्थ जोडले.

दिवसभर ओणवं होऊन निंदण करणारी बाई 0.8 का, हे त्या परिषदेत कोणी विचारलं की नाही कोण जाणे.

या सूत्रात एक मोठी फट आहे. ते दिवसाचं पोट मोजतं, वर्षाचं मोजत नाही. 375 रुपये रोजीने 150 दिवस काम मिळालं तर वर्षाचे 56,250 होतात, महिन्याला साधारण 4,690. दर दुप्पट केला आणि कामाचे दिवस निम्मे झाले, तर हाती काहीच वाढलं नाही. रोजीबद्दल तावातावाने बोलणारे कामाच्या दिवसांवर येत नाहीत. हे दोन्ही बाजूंचं दुखणं आहे.

कापूस वेचणी किलोवर असते. तिथे किमान वेतन कसं लावायचं?

उक्त्या किंवा वजनाच्या कामाला वेगळा किमान दर ठरवलेला नसेल, तर दिवसाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. जुन्या कायद्यात हे होतं, संहितेच्या कलम 12 मध्येही आहे.

हिशेब करून पाहा. किलोला 10 रुपये दर धरू. सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाल्यानंतरच्या भरगच्च वेचीत एका बाईने 45 किलो वेचला तर 450 झाले. तीच बाई, तेच वावर, तेवढेच तास. पण फरदडीची, म्हणजे शेवटची वेच आली, बोंडं विरळ झाली आणि संध्याकाळी काट्यावर 18 किलोच भरला, तर 180. मेहनत कमी झालेली नाही, उलट पऱ्हाटीतून जास्त फिरावं लागलं. शेवटच्या वेचीला किलो सोडून रोजीवर या, किंवा किलोचा दर वाढवा. बऱ्याच गावांत हे होतंही, पण बाया अडून बसल्यावर.

पैसे कुठे गळतात तेही पाहा. लटकत्या काट्याचा काटा रिकामा असताना शून्यावर आहे का, गाठोड्याच्या कापडाचं वजन म्हणून किती वजा केलं, आणि 18 किलो 600 ग्रॅमचे 18 धरले की 18.6? रोज 600 ग्रॅम गेले तर 10 रुपये दराने 6 रुपये गेले. वीस बायांच्या टोळीत 120. महिन्याभरात ही रक्कम कुणाच्या तरी खिशात राहते. सकाळी दवात वेचलेला कापूस जड भरतो ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. तिचा उपाय ऊन पडल्यावर वेचणी सुरू करणं हा आहे, काट्यावर अंदाजाने कापणं हा नाही.

फवारणीही पंपाच्या हिशेबाने दिली जाते. जितके पंप तितके पैसे, म्हणून माणूस ना थांबतो ना तोंडाला बांधतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्याची कारणं अनेक होती, पण पंपावर मजुरी देण्याची पद्धत घाई करायला लावते हे नाकारता येत नाही. फवारणी रोजीवरच द्यावी.

निंदणाचा गुत्ता (ठोक रकमेचं काम) घेतला तर?

तोच नियम. गुत्त्याची रक्कम भागिले माणसं भागिले दिवस. आकडा किमान दराच्या खाली आला तर फरक द्यावा लागतो. गुत्ता घेण्याआधी वावरात जाऊन तण किती उंच आहे ते पाहा. पाऊस लांबल्यावर चार दिवसांत एकराचं काम दीडपट होतं.

बायांची रोजी गड्यांपेक्षा कमी असते. हे कायद्यात बसतं का?

एकाच किंवा सारख्या कामाला नाही. 1976 पासून हे बेकायदा आहे, आणि संहितेच्या कलम 3 नेही तेच सांगितलं आहे. पळवाट अशी आहे की कामंच वाटून टाकलेली आहेत: निंदण, खुरपणी, वेचणी, रोवणी बायांची, डवरणी, फवारणी, पोती उचलणं गड्यांचं. मग "काम वेगळं, दर वेगळा" असं म्हणता येतं. शिवाय बाया सहा तास असतात आणि गडी आठ, हे कारण पुढे येतं. म्हणून तासावर आणून पाहा. बाईला सहा तासांचे 250 म्हणजे तासाला साधारण 41 रुपये 67 पैसे. गड्याला आठ तासांचे 450 म्हणजे 56 रुपये 25 पैसे. तासांनी फरक भरून निघाला नाही.

सालगड्याचं काय? त्याचा करार तर गुढीपाडव्याला वर्षाचा ठरतो.

रक्कम दिवसावर आणा. 1,20,000 रुपये साल ठरलं असेल तर भागिले 365 म्हणजे दिवसाला साधारण 329. हा दिवस आठ तासांचा नसतो. पहाटे गुरांचं शेणपाणी आणि रात्री मोटरीचं ओलीत त्यातच. आठवड्याला एक सुटीचा दिवस मिळायला हवा, ठरलेल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दर. चहा, भाजीपाला, सरपण हे मजुरीत धरून आकडा फुगवू नये. मजुरी पैशात द्यायची असते.

उचल फिटेपर्यंत सोडून जाता येणार नाही ही अट घातली तर प्रकरण किमान वेतनाच्या पलीकडे, 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात जातं. अशी अट नसताना साल मोडलं तर उचल परत मागता येते, पण माणूस अडकवून ठेवता येत नाही.

शेतकऱ्यालाच भाव मिळत नाही. तो मजुरी कुठून वाढवणार?

या वादातला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हाच आहे. "मालकाला परवडत नाही ही सबब किमान वेतनाला चालत नाही" असं सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच उन्नीचोयी खटल्यात म्हटलं आहे. पण ते कौलांच्या कारखान्यांबद्दल होतं. कारखानदार माल महाग करून विकू शकतो. कापूसवाला आपला भाव स्वतः ठरवत नाही.

आता आकडे. कोरडवाहू एकरी 6 क्विंटल कापूस धरा. वेचणी 10 रुपये किलोने 6,000 झाली. दर 12 केला तर 7,200. म्हणजे एकरामागे 1,200 रुपये वाढले. दुसरीकडे 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 आहे. पैशांची नड म्हणून तोच कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, 7,300 ला दिला तर क्विंटलला 810, एकराला 4,860 रुपये गेले. वेचणी दोन रुपयांनी वाढल्यावर गेले असते त्याच्या चौपट. सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळाकडे) नेला आणि ओलावा 8 ऐवजी 12 टक्के निघाला, तर टक्क्याला टक्का कापून 4 टक्के, म्हणजे क्विंटलला साधारण 324 रुपये जातात. त्यातूनही सहा क्विंटलला 1,944 गेले.

एका एकराच्या या हिशेबात मजुराला दिलेले जास्तीचे दोन रुपये ही सगळ्यात लहान गळती आहे. पण त्या दोन रुपयांवर धुऱ्यावर भांडण होतं, कारण मजूर समोर उभा असतो आणि भाव पाडणारा समोर नसतो.

हमीभाव हेही एक किमान वेतनच आहे, मालाचं. जो शेतकरी हमीभावाला कायद्याचं बळ मागतो त्याने मजुरीच्या किमान दराला "बाजारावर सोडा" म्हणणं विसंगत आहे, आणि मजुरांच्या नेत्यांनी हमीभावावर गप्प बसणंही. दोन्ही जोडण्याचा रस्ता कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात आहे. उत्पादन खर्च काढताना आयोग प्रत्यक्ष दिलेली मजुरी धरतो. कायद्याचा दर जास्त असेल तर तो धरावा, ही मागणी दोघांनी मिळून करण्यासारखी आहे.

मजुरी वाढली तर शेतकरी तणनाशक आणि हार्वेस्टरकडे वळेल, काम जाईल. खरं आहे का?

काही प्रमाणात खरं, आणि फटका बायांना बसतो, कारण निंदण त्यांचं आहे. तण मारण्याचं काम सोपं व्हावं म्हणूनच मान्यता नसलेलं तणनाशक-सहनशील कापूस बियाणं, म्हणजे गावात ज्याला 'चोर बीटी' म्हणतात ते, इतकं पसरलं. सोयाबीनला हार्वेस्टर आला. पण हे सगळं किमान वेतन काटेकोर लागू नसताना झालं. सगळ्यांचं तण एकाच आठवड्यात वाढतं आणि तेव्हा माणसं पुरत नाहीत, हे त्यामागचं मोठं कारण.

अर्थशास्त्रातही एकमत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीने 1992 मध्ये किमान दर तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर केला. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करून डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी 1994 मध्ये दाखवलं की खाणावळींतल्या नोकऱ्या कमी झाल्या नाहीत. इतरांनी पगारपत्रकं घेऊन त्यावर हरकत घेतली. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं, वाद मिटला नाही. त्यातून आपल्या कामाचं इतकं घेता येतं: जिथे काम देणारे मोजकेच असतात आणि मजुराला दुसरीकडे जाणं अवघड असतं, तिथे दर दाबलेला असतो आणि थोडा वाढवल्याने काम जात नाही. एकाच मुकडदमाच्या (मजूर जमवणाऱ्याच्या) ऑटोवर अवलंबून असलेलं गाव या वर्णनात बसतं. एकदम दुप्पट केला तर मात्र हे लागू पडत नाही.

स्वीडन-डेन्मार्कमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. आपणही रद्द का करू नये?

कायदा नाही, दर आहेत. तिथे संघटना आणि मालकांच्या संस्था करार करून ते ठरवतात, आणि बहुतेक कामगार त्या करारांत येतात. आपल्याकडे शेतमजुरांची अशी पकड असलेली संघटना किती गावांत आहे?

रद्द केलं तर वेचणीचा दिवाळीतला दर फारसा हलणार नाही. हलेल तो वीटभट्टीवरचा, जिनिंग-प्रेसिंगमधला, भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधला, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा, दवाखान्यात कंत्राटदाराकडून लागलेल्या सफाई कामगाराचा. फरकाचा दावा करायला त्यांच्याकडे आज हाच एक आकडा आहे. आमच्या मते रद्द करण्याचा युक्तिवाद शेतीचं नाव घेऊन होतो आणि त्याचा फायदा शेतीबाहेरचा मालक घेतो.

रोजगार हमीमुळे मजूर मिळत नाहीत, ती बंद केली तर?

हमीचा 2025-26 चा दर 312, तोही काम मोजून. खड्डा कमी भरला तर कमीच. पैसे 15 दिवसांत यायचे असतात, सोळाव्या दिवसापासून दिवसाला 0.05 टक्के भरपाई लागते. 312 ला एक दिवस उशीर झाला तर सोळा पैशांच्या आत. एवढ्यासाठी कोणी 400 ची वेचणी सोडत नाही. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या रोजगार कायद्यात 125 दिवसांची हमी आहे, आणि पेरणी-कापणीच्या काळात वर्षाकाठी एकूण 60 दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूदही. ती शेतकऱ्याला मजूर मिळावेत म्हणून आहे. मजुराच्या हातातलं घासाघीस करण्याचं साधन तेवढे दिवस काढून घेतलं जातं, हेही लक्षात घ्यावं.

अंगणवाडी सेविका, आशा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया?

त्यांना मिळतं ते 'मानधन'. म्हणून किमान वेतन लागू नाही, असं सरकार म्हणतं. सरकारच सगळ्यात मोठा कमी देणारा आहे हा आरोप इथून येतो, आणि त्यात तथ्य आहे.

कमी मजुरी मिळाली तर दावा कसा करायचा?

आधी नोंद. तारीख, वावर कोणाचं, काम कोणतं, किती वाजता लागलो, किती वाजता सुटलो, वजन किती, पैसे किती आणि कोणी दिले, हे रोजच्या रोज एका वहीत. मुलाकडून लिहून घेतलं तरी चालेल. फोनवर पैसे आले असतील तर ते संदेश पुसू नका. मग दोघा-तिघांनी मिळून जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं होतं. संघटनेलाही तुमच्या वतीने अर्ज करता येतो.

मुदत पूर्वी सहा महिने होती, आता तीन वर्षं आहे. फरकाची रक्कम आणि त्यावर दहा पटींपर्यंत भरपाई मिळू शकते. तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं संहिता म्हणते. त्यावर विसंबून कर्ज काढू नका. कमी दिल्याबद्दल मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

प्रकरणं तीन जागी अडकतात. एक, "मी मुकडदमाला दिले" असं मालक म्हणतो. कंत्राटदाराने दिले नाहीत तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते, म्हणून अर्जात दोघांचीही नावं टाका. दोन, सही पूर्ण रकमेवर आणि हातात कमी, किंवा बँकेत पूर्ण जमा करून एटीएम कार्ड कंत्राटदाराकडे. कार्ड देऊ नका. दिलं असेल तर बँकेत जाऊन बंद करा, आणि पासबुकात पैसे निघाल्याच्या तारखा दाखवा. तीन, एकटाच माणूस जातो आणि पुढच्या हंगामात त्याला कोणी बोलवत नाही. त्यावर कायद्यात उपाय नाही. टोळीनेच जावं.

शेतकऱ्याने काय सांभाळावं?

पाचपर्यंत शेतमजूर असतील तर हजेरीपुस्तक आणि वेतनचिठ्ठी ठेवण्याची सक्ती नाही. पण मागितलं तर पैसे दिल्याचा पुरावा दाखवावा लागतो, आणि "दिले" हे सिद्ध करणं शेतकऱ्याकडेच आहे. शंभर पानी वहीत नाव, काम, रक्कम आणि सही किंवा अंगठा एवढं पुरे. दिवसाची रोजी त्याच दिवशी काम संपताना आणि आठवड्याची आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, सुटीआधी द्यायची आहे. "कापूस विकला की देतो" हे बसत नाही.

दुपारी पाऊस आला आणि काम बंद पडलं तर अर्धी रोजी द्यायची का?

मजूर काम करायला तयार होता आणि काम मिळालं नाही, तर कलम 10 प्रमाणे पूर्ण दिवसाची मजुरी लागते. मजूर स्वतःच निघून गेला तर नाही. गावात अर्धी देण्याचीच रीत आहे. निदान दुपारपर्यंत जे काम झालं ते वहीत लिहून दोघांनी सही करावी.